स्वयंपाकघराचे नूतनीकरण आणि घराचे अंदाजपत्रक



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर राजकारण येते, साहित्य येते, वेदान्त येतो, कधी ग्रहगोलही उतरतात. स्वयंपाकघर मात्र येथे सहसा येत नाही. आलेच तर व्याख्यान संपल्यावर चहाच्या रूपाने, पडद्याआडून येते. आज ते पुढच्या दाराने आणावे असा आमचा विचार आहे. विषय साधा आहे. जुने स्वयंपाकघर नवे करावयाचे आहे, पैसा बेताचा आहे, आणि घरातली माणसे रोज दोन वेळा जेवणार आहेत. या तिन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असताना काम कोणत्या क्रमाने करावे, एवढाच आजचा प्रश्न. तो लहान वाटतो खरा. पण त्यात घरातल्या एका माणसाची कंबर, दुसऱ्याची झोप आणि सर्वांची शिल्लक गुंतलेली असते.

स्वयंपाकघर टप्प्याटप्प्याने बदलणे ही काही नवी युक्ती नव्हे. आपल्याकडे ते नेहमी तसेच बदलत आले. वाड्यातल्या स्वयंपाकघरात चूल जमिनीवर होती, तिला वैल होता, बाजूस उतरंड, भिंतीत फडताळ आणि कोनाडे, कोपऱ्यात मोरी. बाई पाटावर बसून रांधीत असे. मग कोळशाची शेगडी आली, घासलेटचा स्टोव्ह आला, पुढे गॅस आला. ओटा आला आणि बसलेली बाई उभी राहिली. यांतले काहीच एका दिवसात झाले नाही. घरात गॅस आल्यावरही कित्येक ठिकाणी स्टोव्ह अडगळीत गेला नाही. सिलिंडर संपला की दुसरा मिळेपर्यंत त्याचाच आधार असे. नवे यावे, पण चूल एक दिवसही बंद राहू नये, हे शहाणपण आपल्या आज्या-पणज्यांना कोणी शिकविले नव्हते. तेच शहाणपण आज आपण खर्चाच्या वहीत उतरवावयाचे आहे.

बोलणे मोघम होऊ नये म्हणून एक घर डोळ्यांपुढे ठेवू. १९७० ते १९९० या काळात सहकारी गृहरचना संस्थांनी बांधलेल्या इमारतीतली दोन-तीन खोल्यांची सदनिका घ्या. स्वयंपाकघर सात फूट बाय नऊ फूट. कडाप्प्याचा ओटा, त्याला लागून मोरी किंवा लहानसे सिंक, भिंतीच्या पोटात लोखंडी नळ, खाली शहाबादी किंवा मोझॅइकची फरशी, आणि विजेसाठी पाच अँपिअरचा एखादा सॉकेट. ज्या काळात हे घर झाले त्या काळात या सॉकेटवर फार तर मिक्सर चालावयाचा. आज त्याच खोलीत फ्रीज आहे, पाणी शुद्ध करण्याचे यंत्र आहे, मायक्रोवेव्ह आहे, कोठे विजेची शेगडी आहे. माणसे तीच, खोली तीच. भार मात्र दसपट. नळ आतून गंजून पाण्याची धार करंगळीएवढी झालेली आहे. ओट्याचा सांधा उकललेला आहे आणि त्यातून मुंग्यांचा राजमार्ग गेलेला आहे. अशा वेळी घरात ठराव मंजूर होतो की, आता स्वयंपाकघर नवे करावयाचे.

ठराव झाला की दोन वाटा दिसतात. पहिली वाट कर्जाची. समजा, सर्व कामाचा अंदाज ३ लाख रुपये आहे. हा आकडा केवळ हिशेबासाठी घेतला आहे, ज्याने त्याने आपला घालावा. दर साल दर शेकडा १२ व्याजाने ५ वर्षांसाठी ही रक्कम घेतली तर महिन्याचा हप्ता सुमारे ६,७०० रुपये पडतो आणि फेड होईपर्यंत ४ लाखांच्या वर रक्कम जाते. म्हणजे लाखभर रुपये व्याजाचे. आता हेच ६,७०० रुपये आपण दरमहा बाजूला टाकले तर ३ लाख पावणेचार वर्षांत जमतात. दरम्यान भाव वाढतील, मजुरी वाढेल. म्हणून आणखी काही महिने धरा. तरीही पाच वर्षांच्या आत काम पुरे होण्याचा संभव राहतो. कर्जाचा लाभ एवढाच की, सारे आज मिळते. हा लाभ खोटा नाही; पण त्याची किंमत काय, हे सही करण्यापूर्वी कागदावर मांडलेले असावे.

दुसरी वाट अधिक फसवी आहे, कारण ती काटकसरीचा वेष घेऊन येते. थोडे पैसे जमले की प्रथम जे डोळ्यांना दिसते ते करावयाचे. नवी कपाटे, चकचकीत दारे, भिंतीला सुंदर टाइल्स. पाहुणे येतात, वाखाणतात. दोन वर्षांनी टाइल्सच्या मागचा जुना नळ फुटतो. मग टाइल्स फोडा, कपाट उतरवा, आणि त्याच रंगाची टाइल आता बाजारात मिळत नाही म्हणून नव्या भिंतीला ठिगळ लावा. एकाच कामाचे पैसे दोनदा गेले. टप्प्याटप्प्याने करण्यात खरा धोका हाच आहे. जे टप्पे उलट्या क्रमाने घेतले जातात ते कर्जाहूनही महाग पडतात.

म्हणून आमचे आजचे म्हणणे दोन वाक्यांत सांगतो. जे भिंतीच्या आणि जमिनीच्या पोटात आहे ते आधी, जे अंगावर आहे ते नंतर. आणि प्रत्येक टप्पा अशा ठिकाणी संपावा की, पुढचे पैसे दोन वर्षे आले नाहीत तरी घरात नीट स्वयंपाक होत राहावा. आळंदीहून निघालेली ज्ञानोबांची पालखी एका दिवसात पंढरीस पोचत नाही. पुणे, सासवड, जेजुरी असे तिचे मुक्काम ठरलेले असतात. आणि मुक्काम म्हणजे जेथे पाणी आहे, सावली आहे, चार घास खाऊन पाठ टेकता येते असे ठिकाण. घाटाच्या मध्यावर कोणी मुक्काम ठरवीत नाही. आपल्या नूतनीकरणाचे टप्पे असे मुक्काम असावेत.

पहिल्या मुक्कामास पैसे लागत नाहीत. फूटपट्टी, वही आणि थोडा धीर लागतो. आठवडाभर स्वयंपाकघरात काय काय चालते ते लिहून काढावे. कणीक कोठे मळली जाते, भाजी कोठे चिरली जाते, खरकटी भांडी कोठे साठतात, फ्रीजचे दार उघडले की कोणास मागे सरकावे लागते. या मोजमापाचा पद्धतशीर विचार प्रथम ज्यांनी केला त्यांत मार्गारेटे शुटे-लिहोत्स्की या ऑस्ट्रियन स्थापत्यविशारद बाईंचे नाव मोठे आहे. १९२६ साली जर्मनीतील फ्रँकफुर्ट शहराच्या गृहयोजनेसाठी त्यांनी सुमारे सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब असे स्वयंपाकघर आखले. आगगाडीच्या डब्यातील लहानशा मुदपाकखान्याचा कित्ता त्यांनी पुढे ठेवला होता. बाईला किती पावले टाकावी लागतात हे मोजून त्यांनी प्रत्येक वस्तूची जागा ठरविली, आणि अशी सुमारे दहा हजार स्वयंपाकघरे तेथे बांधली गेली. त्यात उणीव एक राहिली. ते एकटीनेच वावरावे असे झाले; दुसरे माणूस मदतीला आले तर धक्काबुक्कीच. आपल्या सात बाय नऊच्या खोलीला या दोन्ही गोष्टींतून शिकण्यासारखे आहे. पावले वाचवावीत, पण पोळ्या लाटणारीच्या शेजारी भाजणाऱ्यालाही उभे राहता आले पाहिजे, मग तो भाजणारा घरातला पुरुष का असेना.

याच मुक्कामावर ओट्याची उंची ठरवावी, कारण ती एकदा चुकली की पंचवीस वर्षे चुकते. मोजमाप सोपे आहे. जो किंवा जी रोज स्वयंपाक करते तिने सरळ उभे राहून हात कोपरात वाकवावा, आणि जमिनीपासून कोपरापर्यंतची उंची मोजावी. त्यातून चार-पाच इंच वजा करावेत. कोपर ३७ इंचांवर असेल तर ओटा ३२-३३ इंचांवर. सिंकाचा तळ ओट्याहून सात-आठ इंच खाली असतो, म्हणून भांडी घासताना कंबर सर्वांत जास्त वाकते. शक्य तर सिंकाची कड ओट्याहून थोडी उंच ठेवावी. खात्री पटत नसेल तर टेबलावर पाट नि फळ्या रचून ती उंची साधावी आणि दोन दिवस तेथे पोळ्या लाटून पाहाव्यात. खर्च शून्य. पण आमचा अनुभव असा की, कंत्राटदार येतो तेव्हा दिवाणखान्यात बसून घरधनी त्याच्याशी बोलतात, आणि जिचे मोजमाप घ्यावयाचे ती आत चहा करीत असते. ओटा मग ‘नेहमीच्या’ उंचीचा होतो. हे नेहमीचे माणूस कोण, ते आजवर कोणास भेटलेले नाही.

दुसरा मुक्काम पोटातल्या कामांचा. जुने गंजके नळ काढून नवे घालावेत आणि बुजविण्यापूर्वी पाण्याचा दाब देऊन तपासावेत. सांडपाण्याच्या नळीला पुरेसा उतार असावा. मोरीच्या जागी जमीन उकरली असेल तर जलरोधाचे काम करून तेथे निदान दोन दिवस पाणी साठवून ठेवावे, आणि खालच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांस विनंती करून त्यांचे छत पाहावे. शेजारधर्म आणि स्थापत्यशास्त्र यांचे असे एकमत क्वचितच होते. भिंत पाडण्याचा विचार असल्यास खांब आणि तुळई यांना हात लावू नये, आणि जाणत्या अभियंत्याचा सल्ला व संस्थेची लेखी परवानगी यांवाचून घणाचा पहिला घावही घालू नये.

विजेचे तसेच. २,००० वॅटची शेगडी २३० व्होल्टवर सुमारे पावणेनऊ अँपिअर प्रवाह ओढते. हा भार पाच अँपिअरच्या सॉकेटवर घालणे म्हणजे शेळीला नांगरास जुंपणे होय. अशा उपकरणांस १६ अँपिअरचे सॉकेट आणि मुख्य फळ्यापासून स्वतंत्र, पुरेशा जाडीची तांब्याची तार हवी. भूसंबंधन, म्हणजे आपले ‘अर्थिंग’, खरोखर आहे की केवळ सॉकेटला तिसरे भोक आहे, ते तपासून घ्यावे. प्रवाह भलतीकडे वाहू लागताच वीज तोडणारे ३० मिलिअँपिअरचे सुरक्षा-उपकरण याच वेळी बसवावे. आणि यंत्रे पुढे केव्हा घ्यावयाची असोत, त्यांच्या तारांसाठी भिंतीतून रिकाम्या नळ्या आजच टाकून ठेवाव्यात. रिकामी नळी स्वस्त असते. नंतर फोडावी लागणारी भिंत महाग.

गॅसचा विचारही येथेच. सिलिंडरमधला गॅस हवेहून जड असतो, गळला तर जमिनीलगत साठतो. म्हणून सिलिंडर ठेवण्याच्या जागी खालच्या बाजूस हवेला वाट हवी. नळाने येणारा नैसर्गिक वायू हवेहून हलका, तो वर छताकडे जातो. त्यास वरच्या बाजूस वाट हवी. आज सिलिंडर आहे आणि उद्या नळाचा गॅस येणार असेल तर दोन्हीकडे झरोका ठेवावा. धूर ओढणारा पंखा किंवा चिमणी पुढे बसवावयाची असली तरी भिंतीतले भोक आजच पाडून झाकून ठेवावे.

या मुक्कामानंतर घरात काहीही नवे दिसत नाही. पैसे गेले, धूळ झाली, आणि पाहुण्यांना दाखविण्यासारखे एवढेच की, नळाला पाणी जोरात येते. येथेच घरोघरी धीर सुटतो. तो सुटू देऊ नये. इमारतीचा पाया कोणी पाहावयास जात नाही, म्हणून काही तो शेवटी घालीत नाहीत.

तिसरा मुक्काम ओटा, फरशी आणि भिंतीच्या टाइल्स यांचा. हे काम चालू असताना चूल हलवावी लागते. ते पंधरा दिवस बाहेरच्या खोलीत किंवा गॅलरीत कोठे मांडणी करावयाची हे आधी ठरवावे, आणि जेवणाचा बेत वरणभात-पिठल्यावर आणावा. वेळही पाहावी. गौरी-गणपती आणि होळीला पुष्कळ कारागीर गावी जातात, चैत्र-वैशाखात घरात पापड-कुरडयांची वाळवणे, पावसाळ्यात ओल वाळत नाही. दिवाळी उरकल्यावर मार्गशीर्ष-पौषाचे दिवस या कामास चांगले.

दगड निवडताना त्याचा स्वभाव पाहावा. कडाप्पा आणि शहाबादी हे दोन्ही चुनखडीचे दगड; लिंबू, चिंच, व्हिनेगर यांनी त्यांवर डाग पडतात. ग्रॅनाइटवर आंबटाचा असा परिणाम होत नाही, म्हणून ओट्याचा वरचा दगड ग्रॅनाइटचा आणि खालचे उभे-आडवे कप्पे कडाप्प्याचे, ही वाटणी काटकसरीची आणि टिकाऊ होते. जुना ओटा भक्कम आणि उंचीला योग्य असेल तर तो फोडूच नये. सांधे भरून, वर नवा दगड चढविता येतो का, ते पाहावे. चढविल्यास उंची मात्र पुन्हा मोजावी. फरशी ओट्याच्या खालीही पुरी करून घ्यावी, म्हणजे पुढे कप्प्यांची रचना बदलली तरी खाली उघडी माती दिसत नाही. टाइल्सची एक पेटी जास्त घेऊन माळ्यावर ठेवावी.

चौथा मुक्काम कपाटांचा. येथे टप्पे पाडणे सर्वांत सोपे. कडाप्प्याचे कप्पे तयार आहेतच. त्यांना प्रथम साधा पडदा लावला तरी डबे आत राहतात आणि स्वयंपाक होतो. पुढे एकेका कप्प्याला दार, मग एकेका कप्प्यात पोलादी ट्रॉली, असे सहा-सहा महिन्यांनी करता येते. त्यासाठी कप्प्यांची रुंदी बांधतानाच ट्रॉलीच्या मापाची ठेवलेली असावी. लाकडी काम करावयाचे तर सिंकच्या आसपास पाण्यास टिकणारे प्लायवुड घ्यावे. फळीवर भारतीय मानक ७१० चा शिक्का असेल तर ते सागरी दर्जाचे समजावे. भुशाच्या दाबलेल्या फळ्या तेथे नकोत, त्या पाणी पिऊन फुगतात. पाचवा आणि शेवटचा मुक्काम चिमणी, दिवे, रंग यांचा. हा लांबला तरी कोणाचे पोट अडत नाही.

आता वही. आपल्या मानलेल्या ३ लाखांची वाटणी काहीशी अशी करता येईल. पोटातली कामे ६० हजार, ओटा-फरशी-टाइल्स ९० हजार, कपाटे ९० हजार, शेवटचे सोपस्कार ३० हजार, आणि उरलेले ३० हजार हात न लावता गंगाजळी म्हणून. जुन्या भिंतीच्या पोटात काय निघेल ते कोणीच सांगू शकत नाही. त्यासाठी दहावा हिस्सा तरी राखलेला असावा. वहीत दोन रकाने ठेवावेत, अंदाज आणि प्रत्यक्ष. एका टप्प्याचे प्रत्यक्ष अंदाजाहून जास्त झाले तर पुढच्या टप्प्यातून काय कमी करावयाचे हे त्याच दिवशी लिहावे; ‘पुढे बघू’ हे शब्द वहीत नकोत. कारागिरास पैसे कामाच्या प्रमाणात द्यावेत, काही भाग काम तपासून झाल्यावर द्यावयाचा राखावा, आणि तो ठरल्या दिवशी मुकाट्याने द्यावा. त्याच्याही घरी स्वयंपाकघर आहे. स्वस्त मिळते म्हणून सिमेंट आधी आणून ठेवू नये; तीन महिन्यांत त्याचा जोर उतरू लागतो. नळाच्या तोट्या आणि टाइल्स मात्र आधी घेतल्या तरी बिघडत नाहीत.

कोणी विचारील, थांबणे नेहमीच शहाणपणाचे काय? नाही. छतातून पाणी झिरपून आतली सळई गंजत असेल, वायरींचा वास येत असेल, सिलिंडरची रबरी नळी पाच वर्षांची मुदत उलटून गेली असेल, तर तेथे टप्पे पाडणे हा जिवाशी खेळ आहे. नळी आजच बदलावी. ती तर काही रुपयांची गोष्ट. मोठे काम असेल तर त्यापुरते कर्जही काढावे. ऋण काढून सण करू नये हे खरे. पण छप्पर सावरणे हा सण नव्हे. शोभेसाठी थांबावे, सुरक्षिततेसाठी थांबू नये, एवढा विवेक वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवावा.

शेवटी एक गोष्ट सांगावयाची राहिली, आणि तीच आम्हांस सर्वांत महत्त्वाची वाटते. पैसा कमी असतो तेव्हा क्रम ठरवावा लागतो. आणि क्रम ठरविणे म्हणजे कोणाची सोय आधी हे ठरविणे. पाहुण्यांना दिसणारे कपाट आधी की रोज तीन-चार तास उभे राहणाऱ्या माणसाची कंबर आधी? दिवाणखान्यातला नवा पडदा आधी की धूर बाहेर टाकणारा पंखा आधी? ज्या घरात हा प्रश्न मोठ्याने विचारला जातो आणि जी रोज ओट्यापाशी उभी राहते तिचे उत्तर प्रथम ऐकले जाते, त्या घरातले काम पाच वर्षांनी पुरे झाले तरी पहिल्या दिवसापासून नीट चाललेले असते. जेथे तो विचारलाच जात नाही, तेथे एका महिन्यात सारे चकाकते, आणि चुकीच्या उंचीच्या ओट्यापाशी कोणी तरी पुढची पंचवीस वर्षे मुकाट्याने वाकून उभे राहते.

तेव्हा आज घरी गेल्यावर फार काही करू नये. जेवणे झाल्यावर फूटपट्टी शोधावी, कोपराची उंची मोजावी, आणि ती वहीत लिहावी. नूतनीकरणाचा पहिला टप्पा तेथे सुरू झाला असे समजावे.